सीलियाक धमनी अरुंद असताना व्हिपल ऑपरेशन: धोका नेमका कुठे, आणि आधी काय करून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ६२ वर्षांच्या शेतकऱ्याला स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात कॅन्सरची गाठ आहे. काविळीसाठी नागपुरात पित्तनलिकेत स्टेंट टाकून झालाय आणि आता गाठ काढायला व्हिपल ऑपरेशन ठरतंय. शुगर आहे, बिडी आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बरीच वर्षं चालू आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये अगदी तळाशी एक ओळ आहे: सीलियाक धमनीच्या मुखाशी सुमारे ७० टक्के अरुंदपणा. मुलगा विचारतो, ही नस हृदयाची नाही, मेंदूची नाही, मग कॅन्सरच्या ऑपरेशनशी तिचा काय संबंध? त्यानं गुंतागुंत वाढेल का, आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

संबंध थेट आहे. तो ऑपरेशनच्या टेबलावर, एका ठरावीक टप्प्यावर तयार होतो. तोपर्यंत या अरुंद नसेचा बाबांना काहीच त्रास नसतो, म्हणूनच ती ओळ रिपोर्टच्या तळाशी राहते आणि वाचायची सुटते. आधी रक्ताचा रस्ता समजून घ्या, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

पोटातल्या महाधमनीतून समोरच्या बाजूला दोन मोठ्या फांद्या निघतात, एकीच्या खाली दुसरी, एक-दोन सेंटिमीटरच्या अंतरानं. वरची ती सीलियाक. यकृत, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंडाचा बराचसा भाग तिच्यावर जगतो. खालची ती सुपीरिअर मेसेंटेरिक धमनी, डॉक्टर तिला एसएमए म्हणतात. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग तिच्याकडे. या दोघींना जोडणारी बारीक नसांची कमान स्वादुपिंडाच्या डोक्याभोवती फिरते. तिच्या वरच्या टोकाला गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी असते, तिला जीडीए म्हणतात, आणि ती यकृताकडे जाणाऱ्या धमनीला मिळते. एका वावरातल्या दोन विहिरी आडव्या पाइपनं जोडल्या आहेत असं धरा: वरची विहीर आटत गेली तरी खालच्या विहिरीचं पाणी त्या पाइपातून उलट फिरून वरचं वावर भिजवत राहतं, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. सीलियाक अरुंद असलेल्या माणसाच्या पोटात हेच घडत असतं. जीडीएमधलं रक्त, जे एरवी वरून खाली जातं, ते खालून वर वाहू लागतं.

व्हिपल ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुतेक वेळा जठराचा शेवटचा तुकडा काढतात. ती सगळी कमान काढलेल्या भागासोबतच जाते आणि जीडीए बांधून कापावी लागते. त्याला पर्याय नाही, कारण गाठ तिथेच आहे. ज्या माणसाची सीलियाक मोकळी आहे, त्याला याचा काही फरक पडत नाही. ज्याची अरुंद आहे, त्याच्या यकृताचा, जठराचा आणि उरलेल्या स्वादुपिंडाचा धमनीचा पुरवठा त्याच मिनिटाला घटतो. नेमक्या याच तीन अवयवांना आतड्याशी जोडायचं असतं. नवा जोड भरून यायला रक्त लागतं, आणि आपण नेमकं तेच कमी केलेलं असतं.

पुढे काय बिघडू शकतं ते अवयवागणिक वेगळं आहे.

यकृताला दोन बाजूंनी रक्त मिळतं. सुमारे ७०-७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं आणि उरलेलं धमनीतून, पण प्राणवायूचा जवळपास निम्मा वाटा धमनीचा असतो. म्हणून धमनी कमी पडली तरी निरोगी यकृत बऱ्याचदा तग धरतं. बाबांचं यकृत मात्र काविळीतून नुकतंच बाहेर पडतंय, आणि पित्त तुंबलेलं यकृत रक्ताची कमतरता कमी सोसतं. त्यात गाठ पोर्टल शिरेला चिकटलेली असेल आणि शिरेचा तुकडा काढून जोड द्यावा लागला, तर दोन्ही वाटा एकाच वेळी अडचणीत येतात. शिरेत गुठळी झाली तर यकृत निकामी व्हायची पाळी येते. त्याहून सौम्य प्रकार म्हणजे यकृताचे काही भाग मरणं आणि तिथे पू होणं. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्यांच्या पित्तात जंतू आधीच बसलेले असतात, त्यामुळे मेलेल्या भागात फोड लवकर धरतो.

पित्तनलिकेची गोष्ट जास्त नाजूक आहे. तिला पोर्टल शिरेचा आधार जवळजवळ नाहीच, ती धमनीवरच जगते. खालून येणाऱ्या तिच्या नसा ऑपरेशनमध्ये कापल्या जातात, म्हणजे उरलेलं टोक वरून, यकृताच्या धमनीतून येणाऱ्या रक्तावर अवलंबून राहतं. ते रक्तही कमी असेल तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जोड गळतो आणि ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत, हिरवट पित्त दिसतं. गळला नाही तरी काही महिन्यांनी तो आक्रसून अरुंद होऊ शकतो, मग थंडी वाजून ताप आणि पुन्हा कावीळ.

जठराच्या उजव्या बाजूच्या नसा ऑपरेशनमध्ये जातात. उरलेलं जठर डाव्या जठरधमनीवर आणि प्लीहेकडून येणाऱ्या बारीक नसांवर जगतं, आणि या दोन्ही सीलियाकच्याच. जठर सुस्तावून अन्न पुढे न ढकलणं हे व्हिपलनंतर तसंही वारंवार दिसतं, रक्त कमी असेल तर ते लांबतं. क्वचित जठराचं अस्तर काळं पडतं.

स्वादुपिंडाचा जोड गळणं, ज्याला फिस्टुला म्हणतात, ही या ऑपरेशनची सगळ्यात कुप्रसिद्ध गुंतागुंत. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण यावर गैरसमज बराच आहे. फिस्टुलाची नेहमीची कारणं वेगळी आहेत: मऊ स्वादुपिंड, ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नलिका, ऑपरेशनमधला जास्त रक्तस्राव, लठ्ठपणा. कॅन्सरनं नलिका तुंबलेल्या रुग्णांत स्वादुपिंड बऱ्याचदा कडक आणि नलिका रुंद असते, म्हणजे टाके चांगले धरतात. अरुंद धमनी या यादीत भर घालते, पण यादीच्या डोक्यावर ती नाही. तिचं खरं भय वेगळं आहे. यकृताचा एखादा भाग मरणं, पित्ताचा जोड सुटणं, जठर काळं पडणं, या गोष्टी एरवी विरळ असतात. त्या घडल्या की जीवावर बेततं, आणि अरुंद धमनी त्यांचीच शक्यता वाढवते. म्हणून 'गुंतागुंत किती टक्क्यांनी वाढेल' यापेक्षा 'कोणती गुंतागुंत वाढेल' हा प्रश्न मोलाचा.

आता ७० टक्क्यांकडे येऊ. हा आकडा एकट्यानं फारसं सांगत नाही. साधारणपणे ५० टक्क्यांच्या आतला अरुंदपणा सोडून देता येतो, ८० च्या पुढे गेला की काहीतरी करावंच लागतं असं धरून चालतात, आणि मधल्या पट्ट्यात विचार करावा लागतो. बाबा या मधल्या पट्ट्यात आहेत. इथे रेडिओलॉजिस्टला विचारायचा खरा प्रश्न हा: जीडीए आणि स्वादुपिंडाभोवतीची कमान फुगलेली आहे का? ती जाड आणि वेडीवाकडी दिसत असेल तर खालून वर रक्त वाहतंय, म्हणजे यकृत तिच्यावर अवलंबून आहे. कमान नेहमीसारखी बारीक असेल तर अरुंद मुखातूनही पुरेसं रक्त जातंय, असं समजायला जागा असते. एक दिलासा देणारी शक्यताही तपासून घ्या. काही माणसांत यकृताची उजवी धमनी मुळातच एसएमएतून निघते. तसं असेल तर यकृताच्या मोठ्या भागाचा रस्ता सीलियाकवर अवलंबून नसतो. मात्र ती धमनी गाठीच्या अगदी मागून जाते आणि ऑपरेशनमध्ये जपावी लागते.

हे सगळं दिसायला सीटी योग्य पद्धतीनं केलेला हवा. औषध टाकून, धमनीचा आणि शिरेचा असे दोन्ही टप्पे, साधारण १ मिलिमीटरचे पातळ काप. सीलियाकचं मुख आडव्या कापांत नीट दिसत नाही. शरीर बाजूनं कापल्यासारख्या, म्हणजे सॅजिटल चित्रांतच ते उघडं पडतं. तालुक्याच्या ठिकाणी केलेल्या साध्या पोटाच्या सीटीत बऱ्याचदा जाड काप असतात आणि धमनीचा टप्पाच नसतो. तसं असेल तर नागपूरला पुन्हा सीटी करायला सांगितला तर कुरकुर करू नका, तो खर्च वाया जाणारा नाही. फिल्मपेक्षा सीडी मागून घ्या, कारण फिल्मवर मोजकीच चित्रं छापलेली असतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना तीच सॅजिटल चित्रं पाहायची असतात. स्टेंट टाकण्याआधीचा सीटी असेल तर तोही सोबत ठेवा. किडनीचं क्रिएटिनिन आधी तपासा. बाबा मेटफॉर्मिन घेत असतील तर सीटीच्या वेळी ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे विचारून घ्या. कावीळ, उलट्या आणि विदर्भातलं एप्रिल-मेचं ऊन यांत अंग कोरडं पडलेलं असतं. तशा अवस्थेत सीटीचं औषध किडनीला जड जातं, म्हणून आदल्या दिवशी पाणी भरपूर.

अरुंदपणाचं कारण कोणतं, यावर पुढचा उपाय ठरतो. कारणं मुख्यतः दोन. एक बाहेरून दाब: श्वासपटलाचा एक तंतूमय पट्टा सीलियाकच्या मुखावर वरून बसतो. सॅजिटल चित्रात धमनी वरून दाबून गळासारखी वाकलेली दिसते, आणि दाबाच्या पुढे ती थोडी फुगलेली असते. नसेच्या भिंतीत चुना, म्हणजे साचलेलं कॅल्शियम, नसतो. श्वास सोडल्यावर हा दाब वाढतो आणि घेतल्यावर कमी होतो. सीटी बहुधा श्वास आत घेऊन रोखून धरायला लावून काढतात, तरीही त्यात दाब ठळक दिसत असेल तर तो खरा मानायचा. दुसरं कारण आतून: चरबी आणि चुना साचून मुख आकसणं, म्हणजे हृदयाच्या नसांत होतं तेच. शुगर, तंबाखू आणि वय पाहता बाबांच्या बाबतीत हे जास्त संभवतं, पण अंदाजावर राहू नका, चित्र पाहूनच ठरवायला सांगा. दोन्ही एकत्रही असू शकतात.

बाहेरचा दाब असेल तर उपाय तुलनेनं सरळ आहे. व्हिपलच्या वेळीच सर्जन महाधमनीपर्यंत जाऊन तो पट्टा कापतो. काम महाधमनीला चिकटून आहे, त्यामुळे घाईचं नाही, पण अनुभवी हातात होण्यासारखं आहे. अशा नसेत नुसता स्टेंट टाकणं मात्र चुकीचं ठरतं, कारण बाहेरचा पट्टा प्रत्येक श्वासाला स्टेंट चेपत राहतो आणि शेवटी तो वाकतो किंवा तुटतो.

आतून चुना साचलेला असेल तर पट्टा कापून काही होत नाही. तिथे ऑपरेशनआधी मांडीतून किंवा हातातून तार नेऊन मुखाशी फुग्यानं स्टेंट बसवतात. त्यासोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू होतं. इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात: नवा स्टेंट बंद पडू नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं, आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव नको म्हणून ते पातळ नको. साधारण पद्धत अशी की क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या ५ ते ७ दिवस आधी थांबवतात आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात. तारखा सर्जन, स्टेंट टाकणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून ठरवायच्या. यातली एकही गोळी घरी स्वतःच्या मनानं बंद किंवा सुरू करू नका. गाठ रक्तवाहिनीला लागून असल्यानं आधी केमोथेरपी देणार असतील, तर स्टेंटला स्थिर व्हायला आपोआपच वेळ मिळतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात सोयीचा क्रम आहे.

स्टेंट जमलाच नाही, तर सर्जनकडे आणखी वाटा असतात. महाधमनीपासून यकृताच्या धमनीपर्यंत पायाच्या शिरेचा तुकडा लावून बायपास करता येतो. क्वचित, गाठीपासून अंतर असेल तर, कमानीचा एखादा धागा वाचवता येतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये दुसरी वाट मी शेवटची धरतो, कारण नस वाचवताना गाठीची कड मागे राहिली तर ऑपरेशनचा उद्देशच हरवतो. बायपासलाही एक उणीव आहे: नवी नस स्वादुपिंडाच्या जोडाशेजारी राहते, आणि जोड गळलाच तर स्वादुपिंडाचा रस तिला कुरतडतो.

काहीही आधी केलेलं असो वा नसो, ऑपरेशनमध्ये एक तपासणी प्रत्येक व्हिपलला व्हायला हवी. जीडीए कापण्याआधी तिच्यावर मऊ चिमटा लावून काही मिनिटं थांबायचं आणि यकृताच्या धमनीचे ठोके बोटानं, शक्य तर डॉप्लरनंही (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं) तपासायचे. ठोके टिकले तर पुढे जायचं. ठोके मंदावले किंवा गेले तर चिमटा काढायचा, सीलियाकच्या मुखाची दुरुस्ती करायची आणि पुन्हा तपासायचं. ही परीक्षा ऑपरेशनच्या सुरुवातीच्या भागात करायची असते, परतीचा रस्ता बंद होण्याआधी. तिच्या दोन मर्यादा आहेत. परीक्षेच्या वेळी रक्तदाब घसरलेला असेल तर मोकळ्या नसेचे ठोकेही लागत नाहीत, आणि उलट, चांगल्या दाबावर लागलेले ठोके रात्री आयसीयूत दाब उतरल्यावर टिकतीलच असं नाही. म्हणून आधीच्या सीटीचं काम ही परीक्षा करू शकत नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत रक्तदाब हा औषधाइतका महत्त्वाचा असतो. अरुंद मुखातून रक्त ढकलायला दाब लागतो. सर्वसाधारण रुग्णात सरासरी दाब ६५ च्या वर ठेवतात, अशा रुग्णात थोडा जास्त ठेवणं शहाणपणाचं. पाठीतून दिलेलं वेदनाशामक म्हणजे एपिड्यूरल दाब उतरवू शकतं, रक्त कमी पडलं तर उतरतो, पाणी कमी दिलं तर उतरतो. पहिल्या दिवशी सकाळी एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स, तपासतात. शंभर-दोनशेपर्यंतची वाढ ऑपरेशनच्या हाताळणीनंही होते. आकडा हजाराच्या दिशेनं धावू लागला, लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) उतरत नसेल, तर त्याच दिवशी डॉप्लर आणि सीटी अँजिओग्राफी. उद्या पाहू म्हणण्यासारखी ही वेळ नाही. त्या दिवशीही सीलियाकमध्ये स्टेंट टाकून यकृत वाचवता येतं, दोन दिवसांनी बहुतेक नाही.

ड्रेनमधल्या पाण्याचं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम) तिसऱ्या दिवशी किंवा नंतर रक्ताच्या कमाल मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त निघालं तर स्वादुपिंडाचा जोड झिरपतोय असं धरतात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नुसता आकडा वाढलेला, पण उपचारात काही बदल करावा लागला नाही, तर त्याला फिस्टुला म्हणत नाहीत. त्यामुळे नर्सनं आकडा सांगितला म्हणून घाबरून जाऊ नका. ताप, पोट टम्म होणं, ड्रेन राखाडी-तपकिरी किंवा हिरवा होणं, नाडी धावणं, ही लक्षणं आकड्यापेक्षा बोलकी असतात.

आता खेड्यातल्या घराला सगळ्यात लागू पडणारा धोका. जोड गळून रस साचला तर तो कापलेल्या जीडीएचं टोक कुरतडतो आणि तिथे फुगा तयार होतो. तो साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात फुटतो, म्हणजे कित्येकदा रुग्ण घरी गेल्यावर. मोठ्या रक्तस्रावाआधी बऱ्याचदा एक छोटा इशारा येतो: ड्रेनमध्ये थोडं लाल रक्त, एखादी रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी शौच. तो थांबतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत खरा रक्तस्राव होतो. हा इशारा आला की रात्र असली तरी निघायचं.

इथे सीलियाकचा अरुंदपणा दुसऱ्यांदा आडवा येतो. असा रक्तस्राव थांबवायला तार याच सीलियाकमधून न्यावी लागते. मुख आवळलेलं असेल तर तार जात नाही, आणि खालून कमानीतून जायची वाट ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली असते. नेहमीचा झटपट उपाय, यकृताची धमनी कॉइलनं, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीनं, बंद करणं, अशा यकृताला परवडेलच असं नाही, म्हणून अस्तर असलेला स्टेंट टाकायचा प्रयत्न करतात. आधीच स्टेंट टाकून किंवा पट्टा कापून मुख मोकळं केलेलं असेल तर हा बचावाचा रस्ताही उघडा राहतो. आधी दुरुस्त करा असं मी म्हणतो त्यातलं अर्धं कारण हे आहे.

म्हणून डिस्चार्ज मिळाला तरी ऑपरेशनपासून साधारण तीन आठवडे नागपुरातच, रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहा. नातेवाईक, धर्मशाळा, भाड्याची खोली, जे जमेल ते. गावाहून १०८ ची गाडी येईल, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेईल, तिथून यवतमाळ, तिथून नागपूर, या साखळीत जे तास जातात तेवढे रक्त वाहणाऱ्या माणसाकडे नसतात. राहणं शक्यच नसेल तर ऑपरेशनची समरी, रक्तगट आणि सर्जनच्या युनिटचा फोन एका कागदावर घरात दारापाशी ठेवा, आणि सलाइन लावून थेट नागपूरला न्यायला सांगा.

रुग्णालय निवडतानाही हेच मनात धरा. सीलियाक अरुंद असलेल्या रुग्णासाठी मी तीन गोष्टी विचारेन. इथे व्हिपल नियमित होतात का? रात्री-अपरात्री अँजिओग्राफी करून नस बंद करणारा किंवा स्टेंट टाकणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मिळतो का? रक्तपेढी आवारात आहे का? नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधलं एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शिवाय वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी अशी ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणी हे तीन प्रश्न विचारा आणि 'होय, चोवीस तास' असं स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत थांबा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन्स येतात. सीलियाक स्टेंटचा खर्च त्यात धरला जाईल का, हे मात्र आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीला) आधीच वेगळं विचारा, कारण ती वेगळी प्रक्रिया आहे आणि शेवटच्या क्षणी पैशांसाठी धावपळ नको.

आपल्या भागातल्या रुग्णांच्या दोन गोष्टी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगाव्या लागतात. पहिली खर्रा. तंबाखू आणि सुपारीनं नसा आकसतात हे झालंच, आणि बिनधुराची तंबाखू स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं कारण आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलंय. पण वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड आतून कडक होतं आणि उघडत नाही. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला उशीर झाला तर प्राणवायू उतरतो, आणि आधीच रक्त कमी मिळणाऱ्या यकृताला तो झटका नको असतो. बाबांची तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते घरीच पाहा. मावत नसतील तर आधी सांगा, म्हणजे दुर्बिणीची तयारी ठेवतात. खर्रा आणि बिडी आजच बंद. चार आठवडे मिळाले तर उत्तम, पण चार दिवस मिळाले तरी बंदच.

दुसरी गोष्ट सिकलसेल. विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे आणि पन्नाशी-साठीपर्यंत न कळलेले वाहकही असतात. प्राणवायू कमी, पाणी कमी, अंग गार, रक्तप्रवाह मंद, अशा स्थितीत या आजारातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकतात, आणि अरुंद धमनीच्या पलीकडचा भाग म्हणजे नेमकी हीच स्थिती. सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आहे, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी ही रक्ताची सविस्तर तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरवतात. घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सर्जनला दाखवा.

सोबत ईसीजी आणि टू-डी इको हवाच. पोटातली नस चुन्यानं आकसली असेल तर हृदयाच्या नसा स्वच्छ असतील असं मानून चालत नाही, आणि व्हिपलनंतर हार्ट अटॅक आला तर दाब कोसळून पोटातलेही जोड जातात. बाबा न थांबता दोन जिने चढू शकतात का, हे ईसीजीइतकंच सांगून जातं.

रिपोर्टमध्ये एसएमएच्या मुखाबद्दल काय लिहिलंय तेही वाचून घ्या. तीही अरुंद असेल तर प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण मग उलटा धोका उभा राहतो: वरून खाली येणारी मदत कापली जाते आणि आतडंच काळं पडू शकतं. जेवल्यावर अर्ध्या-एक तासानं पोटात कळ, त्या भीतीनं जेवण टाळणं आणि वजन उतरणं ही तिची लक्षणं. ती कॅन्सरच्या लक्षणांत सहज मिसळतात, म्हणून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अशा वेळी व्हिपलच्या आधी एसएमएला स्टेंट टाकणं जवळजवळ अटळ असतं.

आणि पुढे ढकलायचं का? नस दुरुस्त करायला लागणारे काही दिवस किंवा आठवडे द्यायला हरकत नाही. केमो आधी द्यायचा असेल तर ते असेही मिळतात. पण 'नस ब्लॉक आहे, ऑपरेशन झेपणार नाही' असं ऐकून घरी परत नेऊ नका. अरुंद सीलियाक हे ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. आधी ओळखून नीट केलेल्या रुग्णांचे निकाल इतर रुग्णांच्या जवळ येतात. न ओळखता केलेल्यांचे येत नाहीत. दरम्यान काविळीसाठी झाडपाल्याचं औषध देऊ नका. त्यानं यकृतावर आणखी ताण येतो आणि एसजीपीटी का वाढलं ते डॉक्टरांना कळेनासं होतं. पित्ताच्या स्टेंटनंतर बिलिरुबिन (काविळीचा आकडा) उतरतंय का ते दर आठवड्याला तपासा. थंडी वाजून ताप आला तर स्टेंट तुंबलाय असं समजून त्याच दिवशी दाखवा.

सगळं नीट पार पडून घरी आल्यावर अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर ते बहुधा कायमचं असतं, स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलची) गोळी दिली असेल तर तीही. स्वादुपिंडाची पाचक एन्झाइमची कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासासोबत. पहिल्या सहा महिन्यांत अंगाला खाज, लघवी गडद किंवा हुडहुडी भरून ताप आला तर पित्ताचा जोड अरुंद होतोय का हे पाहायला सोनोग्राफी आणि एलएफटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासण्या. ठरलेला सीटी होईल तेव्हा, कॅन्सर परत आलाय का यासोबतच सीलियाकचा स्टेंट मोकळा आहे का, हेही रिपोर्टमध्ये लिहून मागा.